ओटीचं वाय-फाय, माजघराचं वाय-फाय: प्रकल्प नोंदी

२७ एप्रिल २०२४, शनिवार

दुपारी घरी पोचले. सोमवारपासून दोन आठवडे ऑफिसचं काम गावाहूनच करायचंय, म्हणून चहा झाल्याबरोबर फोन हातात घेऊन घरभर फिरले. आई म्हणाली, "काय हरवलं गं?" म्हटलं, रेंज.

गेल्या दिवाळीत फायबर आलं. जोडणीला आलेल्या पोराने ओटीच्या खिडकीतून केबल आत घेतली आणि पहिली मोकळी भिंत दिसली तिथे वाय-फायचा डबा ठोकून निघून गेला. आमचं घर लांबट. पुढे खळं, मग ओटी, माजघर, स्वयंपाकघर, शेवटी मागची पडवी. डबा एका टोकाला, माणसं दुसऱ्या. मधल्या भिंती आजोबांच्या वेळच्या, जांभ्याच्या चिऱ्याच्या. टेप लावून पाहिली, गिलाव्यासकट सतरा इंच.

मोबाइलवर वाय-फायची ताकद मोजणारी फुकट ॲप्स मिळतात. आकडे डीबीएम या मापात, उणे असतात आणि शून्याच्या जितकं जवळ तितकं बरं. दर ३ डेसिबल खाली गेलं की ताकद निम्मी होते, हे मात्र विसरायचं नाही. आजचे आकडे, २.४ गिगाहर्ट्झवर: ओटी −३६, माजघर −५८, स्वयंपाकघर −७३, पडवी −८५. म्हणजे ओटीवरून माजघरात जाताना भिंत आणि अंतर मिळून २२ डेसिबल गेले, दीडशेपट घट. ५ गिगाहर्ट्झवर तर माजघरातच −६९, आणि स्वयंपाकघरात नेटवर्कचं नावच दिसेना. व्हिडिओ कॉल नीट चालायला साधारण −६७ पर्यंत तरी हवं. आई कॉल करायला कढीचं पातेलं खाली उतरवून ओटीवर का येते ते कळलं.

एक गोष्ट बरी. इथे आसपास आमच्याखेरीज दोनच नेटवर्कं दिसतात. पुण्याच्या फ्लॅटमध्ये तीसेक दिसतात आणि १, ६, ११ यांतल्या कुठल्या चॅनलवर बसावं याची मारामारी. इथे कुठेही बसा.

दादाचं म्हणणं, रिपीटर (सिग्नल ऐकून पुढे फेकणारा डबा) आणून लाव. रिपीटर माजघरात लावला तर त्याला मिळणारच −५८, त्यावर जो वेग निघेल तोच तो पुढे वाटणार, वर ऐकणं आणि बोलणं एकाच रेडिओवर असलं की वेग निम्मा. बिनतारी मेशचंही (एकमेकांशी हवेतून बोलणारे दोन-तीन राउटर) तेच रडगाणं, जांभा काही मेशला घाबरत नाही. केबल ओढायची.

२८ एप्रिल, रविवार

आज डब्याच्या आत शिरले. ब्राउझरमध्ये डब्याचा पत्ता १९२.१६८.१.१, वापरकर्ता 'ॲडमिन', पासवर्डही 'ॲडमिन'. कारखान्यातून आला तसाच. बदलला.

मग जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली. तेवीस! आई, अण्णा, दादा, वहिनी, मी, टीव्ही, प्रिंटर, खळ्यावरचा कॅमेरा आणि जुना टॅब धरून नऊ होतात. बाकी चौदा कोण?

अण्णांना विचारलं. त्यांनी न अडखळता हिशोब दिला. पलीकडचे काका आणि त्यांचे दोन मुलगे, पोस्टमन, आंब्याचा दलाल, ग्रामपंचायतीचा शिपाई, कलमांच्या राखणीला असलेले नेपाळी गडी (ते संध्याकाळी खळ्याच्या कठड्यावर बसून घरी बोलतात), वगैरे. "आणि पासवर्ड कुणी दिला?" "देतो कशाला, लिहिलाय की." ओटीवरच्या कॅलेंडरवर, एप्रिलच्या पानाच्या डोक्यावर, लाल पेनाने. महिना उलटला की अण्णा तो पुढच्या पानावर उतरवून काढतात. पासवर्ड म्हणजे त्यांचा स्वतःचा मोबाइल नंबर.

"अगं, उन्हातून आलेल्याला आपण पाणी-गूळ देतो ना? तसं हे."

यावर पटकन उत्तर सुचेना. मग सानपाड्याची गोष्ट सांगितली. २६ जुलै २००८, अहमदाबादचे बॉम्बस्फोट. त्याच्या काही मिनिटं आधी आलेला धमकीचा मेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटमधल्या वाय-फायवरून गेल्याचं निघालं. तिथे राहणाऱ्या अमेरिकन माणसाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. त्याचं वाय-फाय कुणीतरी वापरलं होतं, पण चौकशीचा ससेमिरा मागे लागला तो त्याच्याच. अण्णा गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे त्या नेपाळ्यांना नाही म्हणून सांगू?"

नाही, तेही बरं दिसणार नाही.

मोबाइल नंबराविषयीही इथेच लिहून ठेवते, कारण हा पासवर्ड घरोघरी असतो. फोन वाय-फायला जोडताना जी देवाणघेवाण होते ती खळ्याबाहेर उभा असलेलाही टिपू शकतो, आणि मग घरी नेऊन निवांत अंदाज लावत बसू शकतो. आपल्याकडचे मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी. माणसाला हा आकडा मोठा. चांगलं ग्राफिक कार्ड सेकंदाला वीस-पंचवीस लाख अंदाज तपासतं, त्याला साधारण अर्ध्या तासाचं काम. आणि अण्णांचा नंबर तर आंब्याच्या पेट्यांवरच छापलेला आहे.

१ मे, बुधवार

महाराष्ट्र दिनाची सुट्टी. रात्री झोपाळ्यावर पडल्या पडल्या सुचलं की उत्तर घराच्या नकाशातच आहे. कुणीही येवो, ओटीवर बसतो. माजघरात घरचेच जातात. नेटवर्कही तसंच करायचं.

फायबरचा डबा ओटीवर आहे तिथेच राहील आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना वाय-फाय देईल. त्याच्या लॅन पोर्टातून (घरातली उपकरणं जोडायच्या भोकातून) एक केबल माजघरात, तिथे माझा पुण्याहून आणलेला राउटर. केबल त्याच्या वॅन पोर्टात (इंटरनेट आत घ्यायच्या भोकात) घालायची. म्हणजे माझ्या राउटरच्या दृष्टीने ओटी म्हणजे बाहेरचं जग. ओटीवरून माजघरात कुणाला आपणहून शिरता येत नाही, माजघरातल्याला मात्र ओटीवर जाता येतं. अगदी घराच्या रिवाजाप्रमाणे.

याला दोष आहे. माजघराची सगळी वाहतूक ओटीवरूनच बाहेर जाते, म्हणजे ओटीवरच्या कुणी आगाऊपणा करायचा म्हटलं तर वाटेत कान लावून बसू शकतो. बँकेचं, ऑफिसचं सगळं आधीच कुलूपबंद जातं, त्यामुळे त्याच्या हाती फार लागणार नाही. शिवाय डब्यात एपी आयसोलेशन नावाची खूण चालू केली की ओटीवरची उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत. चोख काम करायचं तर व्हीलॅन, म्हणजे त्याच केबलवर दोन पूर्ण वेगळी नेटवर्कं. पण ते मी केलं तर मी पुण्याला गेल्यावर इथे कुणालाच दुरुस्त करता येणार नाही.

दुपारी रत्नागिरीला जाऊन केबल आणली. दुकानदाराने आधी स्वस्तातली पुढे केली. टोक मागून ब्लेडने तार खरवडली, आत पांढरी. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. वाकवलं की तुटतं. दुसरी खरवडली, आतपर्यंत लाल. कॅट ६, पंचवीस मीटर घेतली. दुकानदार म्हणाला, "ताई, तुम्ही याच लाइनमधल्या का?"

संध्याकाळी डब्यातल्या नको त्या गोष्टी बंद केल्या. पहिली डब्ल्यूपीएस, ते बटण दाबून जोडायचं प्रकरण. त्याचा पिन आठ आकडी असतो, पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून निघतो. आणि राउटर पहिले चार बरोबर आहेत का ते वेगळं सांगतो. म्हणजे कोट्यवधींच्या जागी १०,००० अधिक १,०००, एवढे अकराच हजार प्रयत्न. हे २०११ मध्ये उघड झालं आणि नवीन डब्यात अजून ते चालूच येतं! यूपीएनपी (घरातल्या उपकरणांना आपणहून बाहेरचं दार उघडू देणारी सोय) बंद, बाहेरून सेटिंग उघडायची सोय बंद. नेटवर्कचं नाव लपवायचं आणि मॅक पत्त्यांची (उपकरणांच्या ओळख-क्रमांकांची) यादी करून तेवढ्यांनाच आत घ्यायचं, हे दोन सल्ले दादाने दिले. दोन्ही नाकारले. लपवलेलं नाव हवेत सापडतंच, आणि हल्लीचे फोन मॅक पत्ता स्वतःच बदलून सांगतात.

४ मे, शनिवार

माळ्यावर चढून केबल टाकली. मंगलोरी कौलांखाली मे महिन्यात दुपारी बारा वाजता चढणं हा निव्वळ वेडेपणा, पण सकाळभर अण्णा आंब्याच्या पेट्या भरत होते आणि शिडी त्यांच्याकडे होती.

माळ्यावर नारळ, पोती, दादाची मोडकी सायकल आणि उंदीर. उंदरांसाठी केबल वीस मिलिमीटरच्या पीव्हीसी पायपातून नेली. पायपात केबल ओढायची युक्ती वायरमन दादांची: सुतळीला नट बांधायचा, पाईप तिरका धरून नट घरंगळवायचा, पलीकडे निघाला की सुतळीला केबल बांधून ओढायची. पलीकडच्या टोकाला दादाची मुलगी होती. "आत्या, आला!" असं तीनदा ओरडली. दोनदा पाल होती.

विजेच्या वायरिंगपासून हातभर लांब ठेवली. वळणावर गोल सोडली, काटकोनात मुडपली नाही.

५ मे, रविवार

आजचा सगळा दिवस दोन प्लगांत गेला.

केबलच्या पोटात आठ तारा, पिळलेल्या चार जोड्या. वरचं वेष्टन इंचभर सोलायचं, जोड्या उलगडायच्या, बोटांनी सरळ करायच्या आणि क्रमाने मांडायच्या: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याची जोडी निळ्याला कुशीत घेते, तिथे सगळे चुकतात. मग चिमटीत घट्ट धरून टोकं एका रेषेत कापायची आणि प्लगात सरकवायची. आठही तारांची तांबडी टोकं समोरच्या पारदर्शक भिंतीला टेकलेली दिसली की क्रिंपिंगच्या पकडीत दाबायचं.

पहिला जोडला, दिवे लागले, नेट आलं. सगळे खूश. मी पान उघडून पाहिलं तर लिंक १०० एमबीपीएसवर अडकलेली. केबल हजाराची, दोन्ही पोर्ट हजाराची. शंभराला दोनच जोड्या पुरतात, हजाराला चारही लागतात. म्हणजे एखादी तार पोचत नाही. भिंगातून पाहिलं तर माजघराच्या बाजूच्या प्लगात तपकिरी तार अर्धा मिलिमीटर मागे राहिलेली. कापून पुन्हा केला. पुन्हा शंभर. मग ओटीचा कापला. तिथे निळी तार नीट टेकलेली नव्हती. तिसऱ्या खेपेला १०००.

आमचा प्लॅनच शंभरचा आहे, त्यामुळे वेगात काडीचा फरक पडणार नव्हता. पण शंभरावर अडकलेलं पाहून झोप लागली नसती.

७ मे, मंगळवार

आज इथलं लोकसभेचं मतदान. आई-अण्णा सकाळी सातलाच केंद्रावर. घर रिकामं, म्हणून राउटर जोडून टाकला आणि सगळं बंद पडलं. माजघरात वाय-फाय पूर्ण, नेट शून्य.

तासभर केबलला शिव्या दिल्या. चूक माझी होती. ओटीच्या डब्याचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि माझ्या जुन्या राउटरचाही तोच. एकाच नावाची दोन घरं शेजारी शेजारी असली तर पोस्टमन काय करणार? राउटरचा बदलून १९२.१६८.५०.१ केला. लगेच चालू. ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसशी कुलूपबंद जोडणी) बिनतक्रार चाललं.

नवे आकडे: माजघर −३४, स्वयंपाकघर −५५, पडवी −६८. आईने भाकरी थापता थापता मावशीला कॉल लावला आणि तव्यावरची भाकरी दाखवली.

८ मे, बुधवार

नावं आणि पासवर्ड.

नावं मराठीत दिली: 'ओटी' आणि 'माजघर'. नेटवर्कच्या नावाला ३२ बाइट मिळतात आणि देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन लागतात, काना-वेलांटी धरून. म्हणजे दहाच खुणा. 'माजघर' पंधरा बाइटांत बसतं. अण्णांना फोनवर 'ओटी' दिसल्याचा भलताच आनंद. प्रिंटरच्या पडद्यावर मात्र नुसते चौकोन, पण जोडला गेला.

ओटीचा पासवर्ड सोपा ठेवला, अण्णांनी खुशाल कॅलेंडरवर लिहावा. माजघराचा मात्र भाचीबरोबर चिठ्ठ्या टाकून. आधी तिने वहीत शंभर शब्द लिहिले, म्हटलं यातले चार उचलू. मग हिशोब केला आणि मीच चपापले. शंभरातून चार वेळा म्हणजे दहा कोटी. यादी कुणाच्या हाती लागली तर अण्णांच्या मोबाइल नंबरापेक्षाही कच्चा!

म्हणून माळ्यावरचा जुना शब्दकोश काढला. पितळी डब्यात ० ते ९ च्या चिठ्ठ्या. तीन वेळा उचलून पान, दोन वेळा उचलून त्या पानावरचा कितवा शब्द, दर वेळी चिठ्ठी परत डब्यात. पान नसलं तर पुन्हा. असे दहा हजार शब्द जरी धरले तरी चार शब्दांच्या जोड्या एकावर सोळा शून्यं होतात. त्याच ग्राफिक कार्डाला शंभराहून जास्त वर्षं. शब्द रोमन अक्षरांत, मधे मोकळी जागा न सोडता. खरे इथे लिहीत नाही, पण एक शब्द शेतीतला आहे आणि एक इतका जुना की अण्णांनाही अर्थ माहीत नव्हता. त्यामुळे तो सगळ्यांच्या लगेच लक्षात राहिला.

११ मे, शनिवार

खळ्यावरचा कॅमेरा. माकडं येतात म्हणून दादाने स्वस्तात घेतलेला, त्याचाही पासवर्ड कारखान्यातलाच. २०१६ मध्ये मिराय नावाच्या प्रोग्रॅमने नेमके असे कॅमेरे आणि राउटर हेरले. साठेक छापील पासवर्डांची यादी घेऊन दारोदार फिरला, उघडलं ते आपल्या फौजेत भरती केलं, आणि त्या फौजेने ऑक्टोबरात अमेरिकेतल्या मोठमोठ्या साइट्स काही तास बंद पाडल्या. कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलला. पण त्याच्यावर विश्वास नाहीच. डब्यावर तिसरं नाव काढता येत होतं, त्यावर त्याला एकट्याला बांधला. नाव 'गोठा'. नाव भाचीने ठेवलं.

माजघराला डब्ल्यूपीए३, वाय-फायच्या कुलपाची नवी पद्धत, लावायची होती. २०१८ पासून आहे, आणि त्यात ते घरी नेऊन निवांत अंदाज लावणं जमत नाही. पण आईचा फोन जुना, त्याला नेटवर्क दिसेचना. डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र ठेवलं. मिश्र असलं की जुन्या वाटेने प्रयत्न होऊ शकतो, म्हणजे पासवर्ड लांब हवाच. चिठ्ठ्या वाया गेल्या नाहीत.

लाईट गेल्यावर चालायला छोटा यूपीएस घेतला. डबा १२ व्होल्टचा, माझा राउटर ९ चा, आणि दोघांच्या पिना हुबेहूब सारख्या. प्रत्येक वायरीवर डॉक्टरांची चिकटपट्टी लावून आकडा लिहिला, नाहीतर पहिल्याच काळोखात कुणीतरी राउटर जाळलाच असता. आत चार लिथियम सेल, तीसेक वॅट-तास, दोघांचा खप अकरा वॅट. कागदावर पावणेतीन तास, प्रत्यक्षात सव्वादोन भरले.

उद्या परत. १३ ला पुण्याचं मतदान.

१९ मे, रविवार

संध्याकाळी अण्णांचा फोन. वळीव कोसळला, लाईट गेली, नेटही गेलं.

"अण्णा, ओटीवरच्या डब्यावर कोणते दिवे आहेत?"

"चार हिरवे. एक लाल. तो सारखा डोळे मारतोय."

"लाल दिव्याखाली काय लिहिलंय?"

चष्मा शोधण्यात पाच मिनिटं. "एल, ओ, एस."

म्हणजे डब्यापर्यंत प्रकाशच पोचत नाही. घरातलं सगळं ठीक, फायबर बाहेर कुठेतरी तुटलंय. कंपनीच्या मदत क्रमांकावरच्या मुलीने अण्णांना राउटर बंद करून चालू करायला तीनदा लावलं. शेवटी अण्णाच छत्री घेऊन बाहेर पडले. वळणावरच्या फणसाची फांदी तारेवर पडलेली. फोटो पाठवला. (नंतरची भर: तिसऱ्या दिवशी लाईनमन आला.)

शेजाऱ्यांचा डबा त्याच विजेत गेला म्हणे. फायबर म्हणजे काच, ती वीज वाहत नाही, पण अडॅप्टर तर भिंतीतूनच येतो. आमचे दोन्ही अडॅप्टर आईने ढग भरल्याबरोबर उपटून ठेवले होते. डबे यूपीएसवर चालूच. हे तिला मी सांगितलेलं नव्हतं. टीव्हीचं ती तीस वर्षं असंच करतेय.

८ जून, शनिवार

मृग लागलं, दोन दिवसांसाठी आले. डब्याच्या पानावर फायबरच्या प्रकाशाची पातळी पाहिली: आधी −१९ होती, सांधा केल्यावर −२३. उणे २७ च्या पलीकडे गेली तर मात्र पुन्हा बोलवावं लागेल. दोन्ही डब्यांची फर्मवेअर (आतला प्रोग्रॅम) पाहिली, माझ्या राउटरला नवी आली होती, चढवली.

जूनच्या पानाच्या डोक्यावर ओटीचा पासवर्ड, या वेळी निळ्या पेनाने. यादीत 'ओटी'वर सोळा. गडी आंबे संपल्यावर नेपाळला गेले, तरी सोळा.

'माजघर'मध्ये आठ हवे होते, नऊ निघाले. नववा फोन ओळखीचा नाही. अण्णांना विचारलं, त्यांनी हात वर केले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "तो पलीकडच्या सुनेचा. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते दुपारी, आपल्या पडवीत बसून."

"आई, तिला ओटीचा द्यायचा ना."

"ती मागच्या दाराने येते गं. तिला ओटीचा कसा देऊ?"

यादीत नवव्या ओळीसमोर तिचं नाव लिहिलं आणि पान बंद केलं.